गोधिकाचा हात

मंदारपुरात सोमवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच राजाच्या अश्वशाळेत घोड्याचा जन्म घेतला होता. राजाच्या वडिलांना पाठीवर घेऊन त्याने लढाया पाहिल्या होत्या. आता तो म्हातारा झाला होता. त्या नगराची रीत अशी, की अश्वपूजेच्या दिवशी राणी सगळ्या घोड्यांना टिळा लावी, आणि त्यांतल्या ज्या म्हाताऱ्या घोड्याची पाळी असे, त्याच्या पाठीवर पुन्हा खोगीर चढत नसे. त्याला नदीकाठच्या कुरणात मोकळे सोडत. यंदा बोधिसत्त्वाची पाळी होती.

घोड्यांना शिकवण्याचे काम गोधिक नावाच्या माणसाकडे होते. त्या अश्वशाळेत एक शब्द रूढ होता, 'हात ओळखणे'. शिंगरू शिकून तयार झाले, की म्हणत, 'याने हात ओळखला.' गोधिकाने नुसता उजवा हात वर केला, की रांगेतले घोडे माना खाली घालत. बघणारे तोंडात बोटे घालत. 'जनावरांची काय भक्ती आहे!' असे म्हणत, आणि गोधिकाची छाती फुगे.

हात ओळखायला कसा लावला, हे कोणी विचारीत नसे. तोही आपण होऊन सांगत नसे. काटेरी लगाम घालायचा, पाय बांधून पाण्यावाचून उन्हात उभे करायचे आणि मान वर झाली की कानामागे वेताचा फटका द्यायचा, एवढीच त्याची विद्या. काट्यांनी ओठांच्या कडा फाटत, तिथे तो लाल रेशमी गोंडे लोंबवी. नगरातल्या हौशी लोकांनीही मग आपापल्या घोड्यांना तसेच गोंडे बांधले. बिचाऱ्यांना ती शोभा वाटली.

पूजेच्या सकाळी चित्रा नावाची तरुण घोडी प्रथमच राणीपुढे आली. राणीने कुंकवाचे बोट वर उचलले मात्र, चित्रा पुढचे गुडघे टेकून जमिनीवर बसली. तिचे अंग थरथरत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राणी म्हणाली, "अगं बाई, ही तर नमस्कार करते!"

गोधिकाने खाली पाहिले. घोडीखालची माती ओली झाली होती. समोर राणी होती, बोटावर कुंकू होते, पण घोडीला तिथे गोधिकाचाच हात दिसला होता. एवढ्या लोकांत हे एकट्या त्यालाच कळले, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

राजा खूश झाला. "गोधिका, आजपासून राज्यातली सगळी शिंगरे तुझ्या स्वाधीन. सगळ्यांना असेच शिकव," असे म्हणून त्याने आपल्या खांद्यावरचा शेला त्याला पांघरला. गोधिकाने तो घेतला. शेला मऊ होता, पण त्याच्या खांद्यांना तो टोचू लागला.

मग बोधिसत्त्वाला पुढे आणले. मान लववून टिळा घ्यायचा, की कुरण त्याचेच होते. पण त्याच्या मनात आले, 'मीही वाकलो, तर या भीतीला सगळे भक्तीच म्हणत राहतील आणि राज्यातले एकही शिंगरू सुटणार नाही.' तो राणीला वळसा घालून गेला, थरथरणाऱ्या चित्रेच्या पुढ्यात आडवा उभा राहिला आणि मान ताठ ठेवली.

राजाला अपमान वाटला. "म्हातारपणी याला चळ लागला की काय? याचे कुरण राहू दे बाजूला. गोधिका, याला आधी हात ओळखायला लाव. इथेच, सगळ्यांसमोर."

गोधिकाने वेत उगारला. त्याबरोबर रांगेतल्या सगळ्या माना खाली गेल्या. एकच वर राहिली.

बोधिसत्त्व म्हणाला, "गोधिका, हा हात मी ओळखतो. तू नवीन कामाला लागलास, तेव्हा मी तापाने पडलो होतो. याच हाताने तू मला ओले हरभरे एकेक करून भरवलेस. त्या हाताला मी भिऊ कसा?"

गोधिकाचा हात वरच राहिला. ते हरभरे तो साफ विसरून गेला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले. त्याने वेत टाकला, शेला काढून राजाच्या पायांशी ठेवला आणि म्हणाला, "महाराज, ही जनावरे नमस्कार करत नाहीत. मी मारतो, म्हणून वाकतात. गोंडा उचलून पाहा."

राणीने चित्रेचा गोंडा उचलला. खाली ओठ चिरलेला होता आणि जखमेत काटा अजून रुतलेला होता. टाळ्या वाजवणारे एकमेकांची नजर चुकवू लागले. राजाचा चेहरा उतरला. आपणच शेला पांघरला, हे त्याला झोंबले, आणि ती लाज रागावाटे बाहेर पडली. "याचा उजवा हात तोडा!" तो ओरडला.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, तो हात तोडलात, तर चित्रा जन्मभर त्यालाच भीत राहील. तो हात चांगला झालेला तिला कधी दिसायचा? त्याला हरभरे द्या आणि तिच्यापाशी बसवा."

राजाने ऐकले. काटेरी लगाम विहिरीत गेले. बोधिसत्त्व कुरणात गेला, आणि गोधिक रोज तळहातावर ओले हरभरे घेऊन चित्रेपुढे बसू लागला. ती जवळ येईना. घाम पुसायला त्याने हात वर नेला, की ती गुडघे टेकी, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे होई. शेवटी त्याने कमरेच्या वर हात नेणेच सोडले. लोक हसत, तो हसू देई. पावसाळे आले नि गेले. मग एके दिवशी कपाळावर माशी बसली आणि त्याने विसरून हात वर केला. चित्रा त्याच्या दुसऱ्या हातातले हरभरे चावत होती. ती चावतच राहिली. गोधिक तिच्या आयाळीत तोंड खुपसून रडला.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची चित्रा म्हणजे आज उत्तियाची चाहूल लागताच दचकून उठणारा त्याचा शिष्य. राजा आणि राणी म्हणजे त्या धाकाला शिस्त म्हणून वाखाणणारे तुम्ही सर्व. म्हातारा घोडा मीच होतो. आणि गोधिक म्हणजे हा उत्तिय भिक्षू."

उत्तियाने मान खाली घातली आणि उजवा हात चीवरात लपवला.

"लपवू नकोस, उत्तिया," शास्ते म्हणाले. "तो पुढे कर आणि उघडा ठेव. तुझा शिष्य आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहा. यालाच करुणा म्हणतात."