साळिंदरवैद्यांची पानं

जनावरं एकमेकांकडून औषध घ्यायची, तेव्हाची गोष्ट. जंगलात एक साळिंदरवैद्य होते. रोग्याची तक्रार ते नखानं पानावर खरडायचे आणि त्या पानावर लोळायचे, म्हणजे पान पाठीच्या काट्यांत पक्कं बसायचं. कुणी वाचायला वाकलं की काटे ताठ! “माझे रोगी, माझी पानं!”

एकदा जंगलभर सगळ्यांची पोटं बिघडली. शेवटी वैद्यबुवाही आजारी पडले. नोंदी बघायला त्यांनी मान वळवली, तर पाठही वळली. गरागरा फिरून बिचारे धपकन पडले.

“वैद्यबुवा, शेपूट हरवलं की काय?” डोहाकाठच्या कासवानं विचारलं.

“खिदळू नकोस. वाच!” वैद्यबुवांनी नाइलाजानं काटे खाली केले.

“ससा, वरच्या झऱ्याचं पाणी प्यायला. भेकर, वरचा झरा. मुंगूस, तेच. अहो, त्या झऱ्यात आठवडाभर मेलेली घोरपड कुजतेय!”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, पाणी माझ्याकडे, पोटं तुमच्याकडे.”

त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून झरा उपसला. तेव्हापासून वैद्यबुवा रोज सकाळी पाणवठ्यावर सगळ्यांकडे पाठ करून बसतात, आणि त्यांना कुणीही उद्धट म्हणत नाही.