फुलयआजीची अर्धी परडी

"कौतिका, चार दिवसांत खरंखोटं सिद्ध कर, नाहीतर तुझी भट्टी कायमची विझवीन!" राजा रणदुल्लभ गरजला. मग समोरच्या पेल्यातला घोट घेऊन पुन्हा गरजला, "कॉफी मात्र झकास झालीय!"

चिंचगडच्या पेठेत कौतिकाची एवढीशी भट्टी. डोंगरातल्या बारा घरांकडून ती कॉफीच्या बिया घ्यायची, त्यांना चांगला भाव द्यायची आणि स्वतः कढईत भाजायची. झाडांवर विषारी औषध मारायचं नाही, एवढीच तिची अट. साहजिकच तिची कॉफी महाग. आता पेठेतल्या बड्या नारबाशेठनं राजाचे कान भरले होते. "महाराज, माझाही माल बिनऔषधाचा, तोही निम्म्या दरात! ही बाई नुसतं नाव सांगून लुटते!" भट्टी विझली की ती बारा घरं नारबाशेठच्या दारात जाणार आणि त्याच्या सांगण्यावरून फवारण्या करणार, हे कौतिकाला पक्कं ठाऊक होतं. नुसत्या विचारानंही तिला रडू येत होतं.

"सिद्ध करते की, महाराज," ती म्हणाली. "दोन्ही मळे बघायला चला."

"डोंगर चढायचा? मी? मुळीच नाही!"

"मग मळ्यातली माणसं साक्षीला आणते."

"नको! साक्षीदार फार बोलतात."

"दोन्ही कॉफ्या करून पाजते."

"घोटभरही नाही! चवीवरून औषध कळत असतं, तर मला आजवर कळलं नसतं?"

राजा हट्टी तो हट्टीच. मागच्या साली त्यानं चैत्रातच उन्हाळा संपल्याचं जाहीर केलं होतं आणि सगळा दरबार वैशाखात शाली पांघरून घाम पुसत बसला होता. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नव्हता.

"बरं," कौतिका म्हणाली. "निदान दोघांच्या मळ्यातली पिकली फळं तरी दरबारात येऊ द्या. महाराजांनी जन्मभर कॉफी प्यायली, पण तिचं फळ कुठे पाहिलंय!"

"पाहू की! आणा!"

बाजूला उभा असलेला नारबाशेठ मिशीत हसला. नुसत्या फळांकडे बघून कुणाला काय कळणार होतं?

चौथ्या दिवशी त्याचा चाकर चांदीचं तबक घेऊन आला. फळं कशी टपोरी, लालभडक, एकावरही डाग नाही! मात्र तबक धरताना चाकरानं दोन्ही हातांना फडकी गुंडाळली होती. कौतिकानं ते बरोबर टिपलं.

कौतिकामागून डोंगरातल्या त्या बारा घरांतली फुलयआजी आली. तिच्या हातात बांबूची परडी होती आणि परडी अर्धीच भरलेली होती.

"ही कोण? साक्षीदार?" राजानं डोळे वटारले.

"नाही महाराज. परडी तिची आहे, ती दुसऱ्याच्या हाती देत नाही."

"आणि अर्धीच का?"

आजीनं तोंडातल्या दोन बिया हातावर घेतल्या आणि कमरेच्या पिशवीत टाकल्या. "भरूनच निघाली होती जी. वाट लांबची, म्हणून खात आली. तोडतानी आमचं असंच चालते. बी मात्र एकही वाया नाही घातली!"

दरबार खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं नारबाशेठ हसला.

कौतिका त्याच्याकडे वळली. "शेठ, ही फळं तुमच्याच मळ्यातली?"

"अलबत! कालच तोडली!"

"औषधाचा थेंबही नाही?"

"गंगाजळ समजा!"

"मग टाका की एक तोंडात."

शेठचं हसू मावळलं. "आज... माझा उपवास आहे."

"फळं चालतात उपवासाला!"

"दाढ दुखतेय."

"चावू नका, चोखा. आजीला तर एकही दाढ नाही!"

"मला... गोड वर्ज्य आहे."

"आं?" राजा मध्येच म्हणाला. "मग काल माझ्या पंगतीला अकरा जिलब्या कुणी हाणल्या?"

"जाऊ द्या," कौतिका म्हणाली. एका हातानं तिनं राजाला चांदीचं तबक दाखवलं आणि दुसऱ्या हातानं एक टपोरं लाल फळ पुढे केलं. "महाराज, तुम्हीच खाऊन बघा."

राजानं फळ घेतलं, न्याहाळलं, तोंडाशी नेलं...

"नको, महाराज, नको!" नारबाशेठनं झेप घेतली. पागोटं एकीकडे, जोडा दुसरीकडे! त्यानं राजाचं मनगटच धरलं. "परवाच फवारलंय! घशाखाली गेलं तर घात होईल!"

आपण काय बोलून बसलो ते कळताच नारबाशेठ मटकन खाली बसला.

"आणि तू गं?" राजानं कौतिकाकडे बोट रोखलं. "यानं झेप घेतली नसती तर? माझ्या जिवाशी खेळ?"

"छे! महाराज, तुमच्या हातातलं फळ आजीच्या परडीतलं आहे. सगळ्यांत मोठं निवडून मुठीत ठेवलं होतं. शेठच्या खरेपणाचा नाही, पण त्यांच्या भीतीचा मला भरवसा होता!"

राजानं फळाकडे पाहिलं, नारबाशेठकडे पाहिलं आणि फळ सरळ तोंडात टाकलं. "अरे वा! गोड आहे की!" तो सिंहासनावर थापट्या मारत हसू लागला. "कौतिका, आजपासून राजवाड्याची कॉफी तुझ्याच भट्टीची, तुझ्याच भावानं! आणि शेठ, ते तबक तुम्ही घासायचं. फडकी न गुंडाळता!"

एवढ्यात फुलयआजी थेट सिंहासनापाशी गेली आणि तिनं राजापुढे हात पसरला.

"काय हवं, आजी? गाव? जमीन? माग!"

"बिया द्या जी," आजी म्हणाली. "त्या कौतिकाबाईच्या हायेत."

राजा पोट धरधरून हसला. मग त्यानं तोंडातल्या दोन्ही बिया तिच्या हातावर ठेवल्या आणि आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून तेही त्यांच्याशेजारी ठेवलं.