न्यायासनासमोरचा तांब्या

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा न्याय मागायला लोक सम्राटाच्या राजधानीपर्यंत पायी जात. दक्षिणेच्या सुभ्यात एक सुभेदार होता. त्याने डोंगरातून कालवा आणला आणि कोरडी गावं हिरवी केली. सम्राटाने खूश होऊन त्याला राजधानीत बोलावलं आणि साऱ्या सुभ्यांचा न्यायाधीश केलं.

मान मोठा मिळाला, पण गड्याचा जीव मागेच अडकला. दक्षिणेकडचं कोणी भेटलं की तो विचारी, "आमची आठवण काढतात का तिकडे?"

"काढतात की!" एक म्हातारी म्हणाली. "पण नवे सुभेदारही गुणाचे हो. हाक मारली की दारात हजर."

त्या दिवशी न्यायाधीशाला जेवण गोड लागलं नाही. सुभा घडवला आपण आणि कौतुक मात्र दुसऱ्याचं, या विचाराने तो आतल्या आत जळू लागला.

त्या राज्यात एक रीत होती. न्यायासनासमोर पाण्याने भरलेला तांब्या ठेवत. समोरच्या माणसाविषयी मनात राग, लोभ किंवा हेवा असेल, तर न्यायाधीशाने तांब्या पालथा घालून उठायचं. कारण कोणी विचारत नसे. दुसरा न्यायाधीश येऊन बसे.

एके दिवशी दक्षिणेचा एक जमीनदार फिर्याद घेऊन आला. नव्या सुभेदाराने कालव्याच्या वरच्या अंगाला बांध घातला होता आणि त्यात जमीनदाराचं कुरण बुडालं होतं. जबाब द्यायला नव्या सुभेदारालाही बोलावून समोर उभं केलं होतं.

न्यायाधीशाचा हात तांब्याकडे गेला. पण 'आता उठलो, तर हा पुन्हा कधी तावडीत सापडायचा?' असं मनात आलं आणि हात मागे आला.

नवा सुभेदार हात जोडून म्हणाला, "महाराज, तो बांध तुमच्याच..."

"विचारल्याशिवाय बोलू नका!" न्यायाधीश कडाडला. "बांध फोडा."

बांध फुटला. पहिल्याच पुरात डोंगरातला गाळ खाली आला आणि कालवा बुजून गेला. पिकं उभ्या उभ्या वाळली. तीच म्हातारी पुन्हा राजधानीत आली.

"तो बांध गाळ अडवायला होता, बाबा," ती रडत म्हणाली. "तुमचा कालवा टिकावा म्हणून नव्या सुभेदारांनी घातला होता. असा कसा हो निवाडा केलात?"

न्यायाधीशाने तांब्या पालथा घातला आणि तो आसनावरून कायमचा उठला. दक्षिणेत जाऊन तो कालव्यातला गाळ उपसू लागला. नवा सुभेदारही पाटी घेऊन शेजारी उतरला. त्याच्याकडे मान वर करून बघणं मात्र न्यायाधीशाला कधीच जमलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ज्याचा हेवा वाटतो, त्याचा न्याय करायला बसू नये.