पंचांच्या आजोबांचं अंथरूण

आमच्या गावच्या चर्चमध्ये दृढीकरण घ्यायचं, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासद व्हायचं, तर आधी मंडळीचे पंच दाविदराव उजागरे यांच्यासमोर परीक्षा द्यावी लागे. परीक्षेआधी ते आपल्या आजोबांची गोष्ट सांगत, आणि ती सगळ्या गावाला पाठ होती. आजोबा गावातले पहिले ख्रिस्ती. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच दिवशी त्यांच्या वडिलांनी त्यांचं अंथरूण अंगणात फेकलं.

यंदा शिरसाठांची सलोमी परीक्षेला उभी राहिली. दाविदरावांनी विचारलं, "विश्वास आहे ना?"

"काका, मी बायबलातलं शुभवर्तमान स्वतः वाचतेय. काही शंका आहेत. त्या फिटल्या की मनापासून हो म्हणेन. नुसतं पाठ केलेलं म्हणणार नाही."

सलोमीच्या आईने घाबरून तिचा पदर ओढला. दाविदराव तर रागाने लाल झाले. "शंका कसल्या? बापजाद्यांनी मानलं ते मुकाट्यानं मानायचं. नाहीतर मंडळीतून नाव कमी करीन."

सलोमी जागची हलली नाही. "एक विचारू? अंथरूण फेकताना तुमचे पणजोबा काय म्हणाले होते?"

आवडत्या गोष्टीचा विषय निघाला तसे दाविदराव सवयीने सांगू लागले, "ते म्हणाले, बापजाद्यांनी मानलं ते मुकाट्यानं..."

आणि तिथेच अडले.

"मी तुमच्या आजोबांसारखी वागतेय, काका," सलोमी म्हणाली. "तुम्ही पणजोबांसारखं वागू नका."

मग दाविदरावांनी प्रश्नांची वही मिटली आणि समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. पहिली शंका सांग."