परदेशी टाकी आणि गावचा पाट

फार वर्षांमागे एका माळावर सातासमुद्रापलीकडून चकचकीत टाकी आली. डोंगरचा झरा आता तिच्यात पडू लागला. पायथ्याशी गावचा मातीचा पाट होता. आज पाणी कुणाच्या वाफ्याला, उद्या कुणाच्या, हे तोच सांभाळायचा.

तो म्हणाला, “टाकीबाई, पाणी माझ्यातून सोड. वरची आळी ओढून घेते. खालच्या आळीचा वाटा मी राखतो.”

“शी! माझं निवळ पाणी तुझ्या चिखलातून?” टाकीने नाक मुरडलं आणि आपला नळ थेट शिवारात सोडला.

वरच्या आळीने तो आपल्याकडे वळवला. खालची माणसं धावून आली, ओढाताणीत नळ फुटला. सांधणारे समुद्रापार. वैतागून कुणीतरी तोटी बंद केली, ती कायमचीच.

टाकी काठोकाठ भरलेली, आणि एकटी. तापलेल्या पत्र्यावर पाखरूही टेकेना.

शेवटी तिने साद घातली, “पाटदादा, तुझ्यातूनच सोडते रे. सांग ना, आज पाणी कुणाच्या वाफ्याला?”

पण टाकी आल्यापासून पाटातला गाळ कुणी उपसलाच नव्हता. तिथे आता बाभळी उभ्या होत्या.