आवडूबायचा श्वास

समुद्र आत्ता आहे त्याहून चार पावलं लांब होता, त्या काळची ही गोष्ट. कातळवेळ गावात आवडूबाय नावाची सुईण होती. जन्मलेलं मूल रडलं नाही, की ती त्याच्या तोंडात हलकेच फुंकर घालायची आणि मूल रडायचं.

एका वर्षी घाटावरून शेवंता ही नवी सून गावात आली. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. सकाळच्या ओहोटीला ती बायकांबरोबर कालवं काढायला गेली. कातळावर तिला निमुळता, नक्षीदार शंख दिसला. त्यातली गोगलगाय सुईसारख्या विषारी दातानं मासा मारते, हे तिला कोण सांगणार? तिने तो उचलला. मुंगी चावल्यासारखं झालं. मग ओठ बधिर झाले, हात गळाले आणि श्वास थांबला.

बायका म्हणाल्या, "गेली."

आवडूबायने तिच्या छातीला कान लावला. "जीव आसा हिचो. फक्त श्वास अडकलो," ती म्हणाली. आणि शेवंताचं नाक धरून तिने तोंडाला तोंड लावून फुंकायला सुरुवात केली.

भरती लागली. माणसं शेवंताला उचलायला धावली. पण उचललं तर श्वास तुटेल, म्हणून आवडूबायने कोणाला हात लावू दिला नाही. असं म्हणतात, पाणी चहूबाजूंनी माणसाएवढं चढलं, पण त्या कातळावर चढलं नाही. काठावर शेवंताच्या सासऱ्याने सरणासाठी लाकडं गोळा करायला सांगितली. आवडूबाय फुंकत राहिली. मध्येच पुटपुटायची, "घे गो बाय. माझ्याकडे खूप आसा."

पाणी ओसरलं, दिवेलागण झाली, तेव्हा शेवंताने आपला आपण श्वास घेतला. तिचे पहिले शब्द होते, "मला समदं ऐकू येत व्हतं. लाकडं बी."

सासरा खाली मान घालून रडला.

असं म्हणतात, त्या दिवशी आवडूबायने आपलं निम्मं आयुष्य फुंकून टाकलं. तरी ती नव्वद वर्षं जगली. शेवंताने तिला आईसारखं सांभाळलं.

आजही कातळवेळमध्ये नवी सून आली, की पहिल्या ओहोटीला सासू तिला कातळावर नेते. तो शंख लांबून दाखवते, तिच्या कपाळावर आवडूबायच्या नावाने फुंकर घालते आणि भरती येईपर्यंत तिचा हात सोडत नाही.