चित्ररेखेचे शुल्क

पळसबन नावाच्या राज्यात सर्व प्राणी सुखी होते. ही गोष्ट खरीच असली पाहिजे, कारण सरकारी पोपट ती रोज सकाळी सांगत असत. प्रचंडकेसर नावाचा सिंह तेथे राज्य करी. राज्य त्याला वारशाने मिळाले होते. तरीही तो वेळच्या वेळी निवडणूक घेई, कारण निवडून येण्याची त्याला मनापासून हौस होती.

राज्यारोहणाच्या दिवशीच महाराजांनी शिक्षण मोफत केले होते. वडाच्या झाडावरील वैद्यक महाविद्यालयात शिकवण्याबद्दल एक दाणाही घेतला जात नसे. घेतले जाई ते बसण्याच्या फांदीचे भाडे, सावलीचा देखभालखर्च आणि वाऱ्याचा विकासनिधी. आणि हे सर्व नारळांच्या रूपाने भरावे लागे. आता राज्यातील झाडून सारे माड राजोद्यानात होते, आणि उद्यानाबाहेर नारळ येई तो केवळ उद्घाटनासाठी किंवा सत्कारासाठी. मग विद्यार्थ्यांनी नारळ आणावेत कोठून, अशी शंका कोणी काढील. परंतु हा प्रश्न बागायतीचा असल्याने शिक्षणखात्याकडे येत नसे, आणि विद्यार्थ्यांचा असल्याने बागायत खात्याकडे जात नसे.

याच राज्यात बकुळाबाई नावाची एक विधवा खार राहत असे. तिची मुलगी चित्ररेखा वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत साऱ्या राज्यात पहिली आली. महाविद्यालयाचे प्राचार्य एक वृद्ध वाघूळ होते. ते जन्मभर उलटे लटकत असल्यामुळे त्यांना शुल्क नेहमी खाली जात असल्याचे दिसे. त्यांनी मुलीचे अभिनंदन केले आणि पौर्णिमेपर्यंत पहिल्या सत्राचे नारळ न आल्यास तिची फांदी दुसऱ्यास दिली जाईल, असे त्याच गोड आवाजात सांगितले.

बकुळाबाई प्रथम नदीकाठच्या पतपेढीत गेली. पतपेढी मगरीची होती. मगरीने शैक्षणिक कर्जाचे महत्त्व डोळ्यांत पाणी आणून सांगितले आणि तारण म्हणून मुलीची शेपटी मागितली. शेपटी मुलीच्या अंगालाच राहील, मात्र कर्ज फिटेपर्यंत ती पतपेढीच्या ताब्यात असेल, असे तिने जबडा उघडून दाखवले. बकुळाबाईने विचार करून कळवते म्हटले आणि ती परतली.

मग ती शिष्यवृत्तीच्या मागे लागली. शिष्यवृत्तीसाठी गरिबीचा दाखला हवा होता. दाखला अस्वल देई, आणि मधाचे पोळे पुढे ठेवल्याखेरीज त्याला अक्षर सुचत नसे. बकुळाबाईने मोठ्या कष्टाने पोळे मिळवले. अस्वलाने ते मिटक्या मारीत खाल्ले आणि निर्णय दिला की ज्या घरातून एवढे मोठे पोळे येऊ शकते, ते घर गरीब म्हणता येणार नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने या निर्णयात दोष काढता येत नाही. दोष असलाच तर तो बकुळाबाईच्या भाबडेपणाचा म्हणावा लागेल.

तेवढ्यात निवडणूक जवळ आली, आणि शिक्षणमंत्री अवजडराव यांना होतकरू विद्यार्थ्यांची आठवण झाली. अवजडराव हे जातीने रानरेडे होते. त्यांनी चित्ररेखेचा जाहीर सत्कार केला, तिला शाल पांघरली आणि नारळ दिला. शाल रेड्याच्या मापाने विणलेली होती. त्यामुळे चित्ररेखा तिच्याखाली सबंध झाकली गेली. व्यासपीठावर एक लहानसा उंचवटा आणि त्याच्याशेजारी हसणारे मंत्री, एवढेच काय ते लोकांना दिसत राहिले. मंत्र्यांनी ज्ञानाच्या प्रकाशावर दीर्घ भाषण केले. शालीखाली अंधार होता.

घरी आल्यावर बकुळाबाईने नारळाकडे बराच वेळ पाहिले. मदत मागितली तर मिळत नाही, पण सत्कार न मागता होतो, हे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवसापासून ती ज्याला त्याला सांगू लागली की अवजडरावांनी सत्कार केला, आपण मात्र केला नाहीत. एवढे पुरेसे झाले. वनखात्याने, जलखात्याने, हरणांच्या महिला मंडळाने, निवृत्त लांडग्यांच्या अहिंसा संघाने, ज्याच्याजवळ व्यासपीठ होते त्या प्रत्येकाने चित्ररेखेला शाल पांघरली. पौर्णिमेच्या आत पहिल्या सत्राचे शुल्क भरले गेले.

परंतु सत्कार भरदिवसा होत, आणि वर्गही भरदिवसाच भरत. प्राचार्यांनी गैरहजेरीचा दंड लावला, तोही नारळांतच. जितके सत्कार, तितका दंड. एकाने आलेले दुसऱ्याने जाऊ लागले, आणि मुलगी शरीरशास्त्रात मागे पडली.

पळसबनात सभेला जागा धरण्याची एक जुनी रीत आहे. आपण पोहोचण्यापूर्वी आपली एखादी वस्तू जागेवर ठेवावी. मग ती जागा आपली. साळुंक्यांच्या भजनी मंडळाच्या सत्काराला चित्ररेखा वर्गातून धावत येत होती, म्हणून बकुळाबाईने तिच्या आसनावर आदल्या सत्काराचा नारळ ठेवला. प्रमुख पाहुणे घाईत होते. त्यांनी आसनावर काहीतरी गोल आणि तपकिरी पाहिले, त्यावर शाल पांघरली आणि भाषणाला सुरुवात केली. चित्ररेखा धापा टाकीत आली, तेव्हा तिचा सत्कार संपत आला होता आणि टाळ्या चालू होत्या.

त्यानंतर चित्ररेखा वर्गात बसू लागली आणि नारळ सत्काराला. मुलीला मात्र ते खटकत होते.

"आई, हे खोटं नाही का गं?" तिने एके दिवशी विचारले.

"खोटं व्हायला कुणाला तरी बोलावं लागतं, बाळ," बकुळाबाई म्हणाली. "तो बिचारा एक शब्द तरी बोलला आहे का? तू आपली हाडं पाठ कर."

शालीखालच्या विद्यार्थिनीचे नाव राज्यभर झाले. ती पुढे पुढे करीत नाही, तिने कधी कोणावर टीका केलेली नाही, दिलेले आश्वासन मोडलेले नाही, असे लोक एकमेकांना सांगू लागले. महाराजांच्या गर्जना पक्षाने पाहणी केली, तेव्हा अवजडरावांपेक्षा ती कितीतरी लोकप्रिय निघाली. पक्षाचा चिटणीस चपळनाथ मुंगूस उमेदवारी घेऊन बकुळाबाईच्या ढोलीशी आला. बकुळाबाई घाबरली. मुलीची परीक्षा तोंडावर आहे, तिला राजकारणात ओढू नका, अशी तिने विनवणी केली.

मुंगसाने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बकुळावहिनी, तुमची लेक आम्हांला नकोच आहे. ती शिकलेली आहे, उद्या प्रश्न विचारील. आम्हांला शालीखालचे जे कोणी आहेत, ते हवे आहेत."

अर्जात नावाच्या जागी 'शालीखालचे' एवढेच लिहिले गेले, आणि ती विद्यार्थिनी हीच का, हे कोणी विचारले नाही. प्रचार थाटात झाला. 'जे बोलत नाहीत, ते चुकत नाहीत' ही घोषणा माकडांनी झाडाझाडांवर पोहोचवली. विरोधी कुजबूज आघाडीने आव्हान दिले की उमेदवाराने समोरासमोर वादविवाद करावा. तो झाला. आघाडीचा बोका तावातावाने बोलून शेवटी घामाघूम झाला. शालीखालून काहीच उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी पोपटांनी सांगितले की उमेदवाराच्या संयमापुढे विरोधक निरुत्तर झाले.

अशा रीतीने नारळ प्रचंड बहुमताने निवडून आला आणि शिक्षणमंत्री झाला. बकुळाबाईची मंत्र्यांची स्वीय सहायक म्हणून नेमणूक झाली. मंत्र्यांना उद्घाटनांत मिळणारे नारळ ती वडाच्या झाडाकडे पोहोचवी. याला कोणी भ्रष्टाचार म्हणेल. पण राज्याच्या इतिहासात सरकारी नारळ शिक्षणाकडे गेल्याचे हे पहिलेच उदाहरण होते, हेही त्याने लक्षात घ्यावे.

नव्या मंत्र्यांचा कारभार साधा होता. चित्ररेखेचे शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांनी शुल्क तिप्पट करण्याचा प्रस्ताव मांडला. तो मंजूर झाला असता, तर मायलेकींचे सारे नारळ मिळूनही ते वर्ष पुरे झाले नसते. संमती म्हणून मंत्र्यांनी मान डोलवायची असते. मंत्र्यांनी मान डोलवली नाही. प्राचार्यांनी शिरस्त्याप्रमाणे आंब्यांची करंडी पुढे ठेवली. मंत्र्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि आंबे जागच्या जागी सडले. असा अपमान प्राचार्यांनी हयातीत सोसला नव्हता. मगर, अस्वल आणि प्राचार्य मिळून महाराजांकडे गेले. हे मंत्री काही मागत नाहीत, घेत नाहीत, कशालाच मान डोलवत नाहीत. त्यांची प्रकृती ठीक दिसत नाही, निदान करून त्यांना विश्रांती द्यावी आणि अवजडरावांना पुन्हा बोलवावे, असे त्यांनी काकुळतीने सांगितले.

महाराजांनी भर राजसभेत तपासणीचा हुकूम सोडला. प्राचार्यांनी आपली सर्वांत हुशार विद्यार्थिनी पाठवली. हुशारीबरोबर आणखी काय पाठवले जात आहे, याची त्यांना उलटे लटकल्यामुळे कल्पना आली नाही.

चित्ररेखा सभेत आली. सर्व मंत्री आपापल्या सत्काराच्या शाली पांघरून ओळीने बसले होते. दारापाशी तिची आई स्वीय सहायकाच्या जागेवर पांढरीफटक होऊन उभी होती. चित्ररेखेने शालीचे टोक उचलले, आत डोके घातले, बोटाने टकटक करून पाहिले, कान लावला आणि टोक पुन्हा नीट बसवले.

"काय आढळले?" महाराजांनी विचारले.

"महाराज, कवच कठीण आहे, पण आतील भाग कोमल आहे. डोक्यात थोडे पाणी आहे. मात्र ते स्वच्छ आहे."

"हृदय?"

"त्याचा आवाज येत नाही. परंतु त्यावाचून कारभार अडल्याचे दिसत नाही."

"मग हे बोलत का नाहीत?"

"बोलण्यासारखे काही केले नाही म्हणून, महाराज." चित्ररेखेने मंत्र्यांच्या ओळीकडे वळून पाहिले. "तुलनेसाठी इतर मंत्र्यांनाही तपासावे लागेल. आज्ञा असेल तर ओळीने सर्वांच्या शाली उचलून पाहते."

जलमंत्र्यांनी आपली शाल गळ्याशी घट्ट धरली. वनमंत्र्यांना खोकला आला. अर्थमंत्र्यांच्या शालीखालून काहीच हालचाल झाली नाही, हे सर्वांनी पाहिले आणि कोणीही पाहिले नाही असे दाखवले. महाराजांनी स्वतःची आयाळ चाचपली आणि शिक्षणमंत्री ठणठणीत असल्याचे जाहीर केले.

शुल्क होते तेथेच राहिले, आणि वसंतात चित्ररेखा वैद्य झाली. त्या सभेत मात्र तेवढ्यातल्या तेवढ्यात एक ठराव आला, की यापुढे राज्यात कोणत्याही कारणाने कोणत्याही मंत्र्याची शाल उचलून पाहू नये. ठराव एकमताने संमत झाला. कुजबूज आघाडीने फक्त एवढीच दुरुस्ती सुचवली, की हे संरक्षण विरोधी पक्षालाही मिळावे.